मालिकांसाठीचा पोर्टफोलिओ आणि उजळून दिलेला चेहरा

पुण्यात टिळक रस्त्यापासून जवळच, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, मालिका आणि जाहिरातींत काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना पोर्टफोलिओ, म्हणजे काम मागताना दाखवायचा छायाचित्रांचा संच, तयार करून देणारा एक स्टुडिओ आहे. माझ्या भाचीसाठी आम्ही त्यांची सेवा नुकतीच घेतली. स्टुडिओचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या गोष्टीविषयी मला तक्रार करायची आहे ती या व्यवसायात सर्रास चालते आणि एकाच दुकानदाराच्या माथी ती मारणे अन्यायाचे होईल. माझे मत सुरुवातीलाच सांगते: छायाचित्रण उत्तम आहे, त्यानंतरचे संस्करण, म्हणजे छायाचित्रांवर मागाहून केलेली रंगसफेती, मात्र मला मान्य नाही.

आठ हजार रुपयांच्या पॅकेजमध्ये तीन पोशाख, बारा संस्कारित छायाचित्रे आणि एक मिनिटाचा परिचयाचा व्हिडिओ मिळतो. छायाचित्रकाराला आपले काम येते. भाची महाविद्यालयाच्या एकांकिकांमधून, भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावरून तयार झालेली मुलगी आहे. तिला कॅमेऱ्यासमोर नुसते हसत उभे राहणे जमत नव्हते, हे त्यांनी लगेच ओळखले आणि तिला एक छोटा संवाद बोलायला लावून मधले क्षण टिपले. तिचा रंग चांगला सावळा आहे. समोरून सपाट प्रकाश न टाकता त्यांनी एका बाजूने मऊ प्रकाश देणारा मोठा सॉफ्टबॉक्स आणि दुसऱ्या बाजूने पांढरा रिफ्लेक्टर लावला, त्यामुळे गालाच्या हाडावर आणि कपाळावर उजेडाची बारीक रेघ आली व डोळे बोलके झाले. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ती छायाचित्रे पाहताना आम्ही दोघीही हरखून गेलो होतो.

आठवड्याने जी फाइल हाती आली तीत ती मुलगी नव्हती. बाराही छायाचित्रांत चेहरा आणि मान निदान दोन छटांनी उजळलेली होती, नाकाच्या कडेची सावली पुसून ते चाफेकळी करण्याचा प्रयत्न झाला होता, आणि ज्या छायाचित्रात तिने हनुवटीखाली हात धरला होता त्यात बोटांची पेरे मूळ रंगाचीच राहून गेली होती. निर्मितीसंस्थांना पाठवायच्या माहितीपत्रकात उंची, वय आणि येणाऱ्या भाषा यांच्यानंतर वर्णाचा रकाना होता, आणि तिथे आम्हाला न विचारता ‘गव्हाळ’ असे भरलेले होते.

मी विचारले तेव्हा मालकांनी काहीही लपवले नाही. “ताई, मुंबईला एका भूमिकेसाठी शेकडो फोटो जातात. तिथे फोन चाळणारा माणूस दोन सेकंद बघतो. सावळा चेहरा दिसला की मोलकरणीच्या किंवा गावाकडच्या बाईच्या भूमिकेत टाकतो. नायिकेच्या यादीत नाव जावं म्हणून आम्ही उजळ करतो. चॅनेलला जाहिरातदार सांभाळायचे असतात.” या बोलण्यात दुष्टावा नव्हता. एक माणूस आपल्या गिऱ्हाइकाला बाजारभाव समजावून सांगत होता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले.

मात्र प्रेक्षकांना सावळी नायिका चालत नाही म्हणून वाहिन्यांचा नाइलाज होतो, हा त्यातला गर्भित दावा तपासून पाहिला तर टिकत नाही. झी टीव्हीवर २००५ साली सुरू झालेल्या ‘सात फेरे’ मालिकेची नायिका सावळीच होती आणि ती मालिका सुमारे साडेतीन वर्षे चालली. स्टार प्रवाहवर २०१९ ते २०२३ या काळात चाललेली ‘रंग माझा वेगळा’ तर बराच काळ टीआरपीच्या यादीत वरच्या क्रमांकांवर होती. लोकांनी तिच्यातल्या सावळ्या नायिकेचा, दीपाचा, अपमान पाहून डोळे पुसले, तिच्या बाजूने घराघरांत वाद घातले. पण ती दीपा साकारणाऱ्या अभिनेत्रीचा मूळ रंग उजळ होता आणि दररोज मेकअपने तो गडद केला जात होता. अभिनेत्रीच्या कष्टांविषयी किंवा गुणवत्तेविषयी मला शंका नाही. माझा आक्षेप हिशेबाविषयी आहे: काळ्या रंगाचे दुःख विकले जाते, त्यावर जाहिरातींचे सेकंद विकले जातात, आणि ज्या मुलींचे ते दुःख आहे त्यांना त्या कमाईत कामाच्या रूपानेही वाटा मिळत नाही.

दूरचित्रवाणीच्या इतिहासात हे नवे नाही. बीबीसीने १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षे ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ हा गाण्यानाचाचा कार्यक्रम चालवला, ज्यात गोरे गायक चेहऱ्याला काळा रंग फासून येत. १९६७ मध्ये वंशभेदविरोधी चळवळीने तो बंद करण्यासाठी सह्यांचे निवेदन दिले. पण प्रेक्षकसंख्या दीड कोटीच्या वर जाऊन आलेला कार्यक्रम बंद करण्याची कोणाची तयारी नव्हती, आणि तो पुढे आणखी अकरा वर्षे चालला. अमेरिकेत एनबीसी वाहिनीने १९५६ मध्ये नॅट किंग कोल या कृष्णवर्णीय गायकाला त्याच्या नावाचा कार्यक्रम दिला, तेव्हा उलटे घडले. गायक लोकप्रिय होता, मोठमोठे कलाकार नाममात्र मानधनावर येऊन गाऊन गेले, पण देशभरासाठी एकही प्रायोजक पुढे आला नाही आणि वर्षभरात, डिसेंबर १९५७ मध्ये, कार्यक्रम संपला. तिकडचा वंशभेद आणि आपल्याकडचा वर्णभेद एकच आहेत असे मी म्हणत नाही. आपल्याकडे रंगाला जात आणि पैसा दोन्ही चिकटलेले आहेत. तरी चेहरा कोणाचा दिसावा हे ठरवताना पैसे देणाऱ्याची भीती प्रेक्षकाच्या आवडीच्या नावावर खपवली जाते, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

छायाचित्रणाच्या धंद्यालाही हे लागू पडते. कोडॅकच्या रंगीत फिल्मचे रंग अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीच्या छायाचित्रावरून जुळवले जात, त्यामुळे गडद त्वचेचे बारकावे त्यात बुडून जात. फिल्ममधील तपकिरी छटा सुधारल्या त्या चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल नीट दिसत नाही अशी तक्रार केल्यावर. आज डिजिटल कॅमेऱ्यात तशी अडचण उरलेली नाही, आणि याच स्टुडिओतल्या न उजळलेल्या फाइली त्याचा पुरावा आहेत.

जाहिरातींच्या बाजूला थोडी हालचाल झाली आहे. सावळ्या रंगाच्या व्यक्तींना कमी लेखू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये घालून दिली, आणि २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ने नावातला ‘फेअर’ काढला. मलम विकणाऱ्यांना जे बदलावे लागले ते मालिकांची पात्रनिवड करणाऱ्यांना कोणी अजून विचारलेले नाही.

आमच्या आग्रहावरून स्टुडिओने बाराही छायाचित्रे मूळ रंगात पुन्हा करून दिली, फक्त मुरूम आणि सुटे केस काढले, माहितीपत्रकात ‘सावळा’ अशी दुरुस्ती केली आणि जादा पैसे घेतले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. भाचीने तीच छायाचित्रे पाठवली आहेत. उत्तर यायचे आहे. ज्यांना तिथे जायचे असेल त्यांनी अवश्य जावे, पण पैसे भरण्याआधीच त्वचेचा रंग बदलायचा नाही हे लेखी सांगावे, एका छायाचित्राचा नमुना मंजूर केल्याशिवाय बाकीच्यांना हात लावू देऊ नये, मूळ फाइली पेनड्राइव्हवर मागून घ्याव्यात आणि वर्णाचा रकाना स्वतः भरावा. छायाचित्रणाला पाचपैकी साडेचार गुण, संस्करणाला पहिल्या खेपेस एक आणि दुसऱ्या खेपेस चार.