बडोद्यात क्रिप्टिक शब्दकोडं : एकट्याने घेऊ नका

आधी तारे देऊन टाकते. ‘द हिंदू’ या इंग्रजी पेपरातलं रोजचं क्रिप्टिक, म्हणजे गूढ वाक्यांचं, शब्दकोडं : पाचपैकी साडेचार. पण भांडायला दोन-तीन माणसं हाताशी असतील तरच. एकट्याने खोलीत बसून सोडवणार असाल तर तीन. मधल्या दीड ताऱ्यासाठी हा अभिप्राय लिहितेय.

दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत हा पेपर घेणारी मी एकटीच. शेजारच्या वहिनी विचारतात, “अहो, मराठी पेपरात येतंच की कोडं!” येतं, आणि तेही मी सोडवते, दूध वर येईपर्यंत. ‘समुद्र, तीन अक्षरी’ म्हटलं की ‘सागर’ लिहायचं आणि पुढे जायचं. तिथे शब्द ठाऊक असतो किंवा नसतो. क्रिप्टिकमध्ये शब्द ठाऊक असूनही दिसत नाही, कारण समोरचं वाक्य तुम्हाला भलतीकडे पाठवायलाच लिहिलेलं असतं.

नियम तसे सरळ आहेत. बहुतेक क्लूंचे, म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या वाक्यांचे, दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा साधा अर्थ. तो वाक्याच्या सुरुवातीला तरी नाहीतर शेवटी, मधोमध नाही. दुसऱ्या भागात तेच उत्तर अक्षरं जोडून, उलटवून, विस्कटून किंवा दुसऱ्या शब्दांच्या पोटात लपवून दिलेलं. कंसात अक्षरांची संख्या. ‘ब्रोकन’, ‘ड्रंक’, ‘स्ट्रेंज’ असलं काही दिसलं की शेजारची अक्षरं विस्कटून बघायची. आणि ‘फ्लॉवर’ दिसलं की गुलाब डोक्यातून काढून टाकायचा. जी ‘फ्लो’ होते ती फ्लॉवर, म्हणजे नदी. या हिशेबाने आमची विश्वामित्री मगरींसकट फ्लॉवर आहे. नवख्या माणसाला मी एक जुनं, पुष्कळ फिरलेलं उदाहरण देते : एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ, उत्तर पाच अक्षरी. एचपासून ओपर्यंत, म्हणजे एच ‘टू’ ओ, पाण्याचं रासायनिक सूत्र. वॉटर. इथे ज्याच्या तोंडून “हात्तिच्या!” निघतं त्याने पेपर लावावा. ज्याला राग येतो त्याने सुडोकूच बघावा.

आता भांडणाबद्दल. सकाळची फेरी संपली की कमाटीबागेत फुलांच्या घड्याळाजवळच्या बाकावर आम्ही जमतो. रेल्वेतून निवृत्त झालेले काका, शाळेत विज्ञान शिकवलेल्या एक गुजराती बेन, फाइन आर्ट्सला शिकणारा एक मुलगा, जो वयाने सगळ्यांत लहान आणि आवाजाने सगळ्यांत मोठा, आणि मी. कोडं घरून पाहून यायचं. बाकावर नुसतं उत्तर सांगून मान मिळत नाही, कारण सांगावं लागतं : यातला अर्थाचा भाग कोणता, विस्कटायचा कोणता, आणि हा ‘एस’ आला कुठून. उत्तर चौकटीत बसतंय पण कारण लागत नाही, अशा शब्दाला आमच्यात ‘उधारी’ म्हणतात. ती पेन्सिलीने लिहायची. काका बाकी सगळं पेनाने लिहितात. पेन्सिल खास उधारीसाठी खिशात. दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तरं येतात, पण नुसती उत्तरं. ती तशी का, हे आपलं आपण शोधायचं. त्या शोधाशोधीतच खरी वसुली आहे, आणि ती एकट्याने होत नाही.

होत नाही, कारण क्लूतल्या कुठल्या शब्दाची कुठली अक्षरं होतात, हा एवढा फापटपसारा एका डोक्यात मावत नाही. ‘मेडन’ म्हटलं की ‘एम’ आणि ‘ऑन’ म्हटलं की ‘लेग’, हे क्रिकेटवेड्या काकांना झोपेतही दिसतं. ‘गोल्ड’चं ‘एयू’ आणि ‘आयर्न’चं ‘एफई’ बेनच्या तोंडावर. ‘सेलर’ म्हणजे ‘एबी’ नाहीतर ‘टार’, ‘वर्कर’ म्हणजे मुंगी किंवा मधमाशी, हा सटरफटर माल माझ्याकडे. विमा कचेरीतल्या दुपारच्या सुट्टीची कमाई. ‘आर्टिस्ट’चं ‘आरए’ का होतं यावर आम्ही तिघं अडून बसलो होतो. मुलगा म्हणाला, “मावशी, रॉयल ॲकॅडमिशियन. लंडनच्या ॲकॅडमीचे चित्रकार नावापुढे लावतात.” तेव्हापासून त्याच्या बडबडीला बाकावर कायमची मुभा आहे.

हे कोडं १९७१ पासून चालू आहे, आणि काकांना त्याचा इतिहास सांगायला फार आवडतो. सुरुवातीचे कोडेकार होते निवृत्त ॲडमिरल रामदास कटारी, १९५८ साली भारतीय नौदलाचे प्रमुख झालेले पहिले भारतीय. १९८३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत ते कोडी रचत होते. आरमार सांभाळलेल्या माणसाने निवृत्तीनंतर लोकांना आडव्या-उभ्या शब्दांत अडकवावं, यात मला मोठी गंमत वाटते. सैन्याचं आणि कोड्यांचं काहीतरी जुनं नातं असावं. १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या स्वारीआधी लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’च्या कोड्यांत ‘यूटा’, ‘ओमाहा’, ‘मलबेरी’, ‘नेपच्यून’, ‘ओव्हरलॉर्ड’ अशी स्वारीतली गुप्त नावं लागोपाठ उत्तरं म्हणून आली. कोडी रचणारे लेनर्ड डॉ हे एका शाळेचे हेडमास्तर. त्यांच्या दारात गुप्तहेर खात्याची माणसं उभी राहिली. निष्पन्न काही झालं नाही. बेनचा मात्र अजूनही हेडमास्तरांवर संशय आहे.

आता ‘द हिंदू’त कोडेकार पाळीपाळीने येतात आणि टोपणनावाने लिहितात : ग्रिडमन, आर्डेन, इन्कॉग्निटो, आफ्टरडार्क. रोज वर छापलेलं नाव आधी वाचायचं, म्हणजे आज कोणाशी गाठ आहे ते कळतं. प्रत्येकाची खोडी वेगळी, आणि महिन्याभरात ती ओळखू येते. टोपणनावांचा रिवाज इंग्लंडातला. ‘ऑब्झर्व्हर’ या तिथल्या पेपरात १९२६ पासून कोडी रचणाऱ्याने नाव घेतलं होतं टॉर्कमाडा, स्पेनमधल्या धर्मछळाच्या मुख्य अधिकाऱ्याचं. पुढचा झिमेनीस, तोही त्याच पंगतीतला. त्यानंतरच्याने डेझा नावाचा आणखी एक छळवादी उलटा करून ‘अझेड’ केलं (इंग्रजीत Deza, उलट Azed). धंद्याबद्दलचा एवढा प्रामाणिकपणा दुसरीकडे पाहिला नाही.

उणी बाजूही आहे. पहिली म्हणजे सवय होईपर्यंतचा काळ कोरडा जातो. चार-पाच शब्द भरले की गाडी अडते आणि सगळं थोतांड वाटायला लागतं. त्यावर माझा उपाय असा : सुरुवातीला सोडवूच नका. कालचं कोडं आणि आजची उत्तरं शेजारी ठेवा आणि उत्तराकडून क्लूकडे चाला. दुसरी म्हणजे ही बहुतेक क्लूंतली सृष्टी विलायती : तिथली शहरं, नद्या, शाळा, पब. भारतीय कोडेकार मधूनच देशी संदर्भ पेरतात तेव्हा बाकावर टाळी पडते, पण विलायती सामान पाठ केल्याशिवाय भागत नाही. तिसरी अडचण माझ्या पेपरवाल्या भाऊची. गल्लीत एकच प्रत, म्हणून ती सगळ्यात शेवटी पडते, कधी पडतही नाही. मग फोनवर सोडवावं लागतं, आणि फोनवरच्या कोड्यांत ‘अक्षर दाखवा’ असं बटण असलं की माणसाचा संयम सुटतो. बाकावर असं बटण नाही. बाकावर बेन आहेत, त्या उत्तर माहीत असूनही नुसत्या हसतात.

या नादाचा एक उपद्रवही झालाय. आम्ही मराठीत क्लू करू लागलोय. मराठीत मात्रा अक्षरापासून सुटी करता येत नाही, म्हणून नियम ठरवला : जोडाक्षर असो की काना-मात्रा, एक चौकट म्हणजे एक अक्षर. विस्कटायला त्यामुळे इंग्रजीइतकी मोकळीक नाही, तरी ‘मोडकी कलम चिखलात उमलते (३)’ हा माझा क्लू सगळ्यांनी मान्य केला. कमळ लिहिणाऱ्याला गुण नाहीत, ‘कमल’च हवं. काकांचा क्लू : ‘वाल्याचा जप उलटा केला की देव (२)’. मरा, राम. मुलाने त्यावर नाक मुरडलं, हे तर आधीच सोडवलेलं आहे म्हणाला. त्याचं स्वतःचं पाहा : ‘गायकवाड घराण्यात दडलेलं दार (३)’. कवाड. गायकवाडांच्या पूर्वजाने कसायाच्या हातून गायी वाचवायला कवाड उघडलं आणि त्यावरून आडनाव पडलं, ही कथा बडोद्यात मोठं झालेल्याला सांगावी लागत नाही. म्हणजे शब्दही पोटात आणि गोष्टही पोटात. बेननी तेवढ्यासाठी सगळ्यांना सेव-उसळ खिलवली. बेनचा मराठीतला पहिला प्रयत्नही वाईट नव्हता : ‘गरीब उलटला की वाहते (२)’. दीन, नदी. “फ्लॉवर छे,” म्हणजे फ्लॉवर आहे, असं गुजरातीत म्हणाल्या.

तेव्हा घ्यायचं का? दोन माणसं असतील तर आजच लावा. नसतील तर आधी माणसं शोधा, पेपर पळून जात नाही. पेन्सिल मऊ घ्या आणि खोडरबर बाजूला ठेवू नका, उधारी बरीच होते. सेव-उसळीच्या बिलामागे मुलाने लिहिलेला क्लू इथे उतरवते, उत्तर देणार नाही : ‘हाच उलटून प्यायचा (२)’.