अझेलियाची पानं पिवळी: लोह द्यायचं, गंधक टाकायचं की झाड उपटायचं?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घर घेतलं की पुढच्या भिंतीलगत अझेलिया किंवा ऱ्होडोडेंड्रॉन, म्हणजे आम्लधर्मी माती लागणारं फुलझुडूप, बरेचदा आधीपासूनच असतं. आपला हात मोगरा-जास्वंदीवर बसलेला, त्यामुळे पान पिवळं दिसलं की खत घालावंसं वाटतं. थांबा, आधी पान नीट बघा.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्यागार, तर लोह कमी पडतंय. मातीत ते असतं, पण या झाडांना सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचा आकडा; जितका कमी तितकी माती आम्ल) ४.५ ते ६ लागतो, त्याच्या वर गेला की मुळांना लोह घेता येत नाही. पायाच्या काँक्रीटमधला चुना झिरपून सामू चढतो, म्हणून भिंतीलगतची झाडं आधी पिवळी पडतात.

इथे दोन उपाय. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं) फवारलं की दोनेक आठवड्यांत पान हिरवं होतं, पण पुढची पालवी पुन्हा पिवळीच येते. मातीतून देणार असाल तर डब्यावरची अक्षरं वाचा: ईडीटीए (EDTA) प्रकारचं चिलेट साधारण साडेसहा सामूपर्यंतच टिकतं, त्यावर ईडीडीएचए (EDDHA) घ्यावं, महाग असलं तरी. गंधक स्वस्त आणि मूळ कारणावर घाव घालणारं, पण त्याचं आम्ल मातीतले जिवाणू करतात. माती ऊबदार हवी आणि काही महिने धीर हवा. दहा बाय दहा फुटांच्या पोयट्याच्या मातीत सामू ६.५ वरून ५.५ वर आणायला साधारण एक किलो लागतं, रेताडीत त्याचा तिसरा हिस्सा. तेही दोनदा विभागून. सामू मोजून ६.५ निघाला तर आम्ही दोन्ही करू: आत्ता लोह, वसंतात गंधक. ५.५ च निघाला तर गंधक वाया. झाड खोल लावलंय का, पाणी साचतंय का, ते उकरून बघा.

तुरटीचं पाणी मात्र नको. सामू उतरतो, पण तिच्यातलं ॲल्युमिनियम या मुळांना बाधतं. राख तर उलटाच परिणाम करते.

पानावर पांढुरके बारीक ठिपके आणि पान उलटल्यावर डांबराच्या शिंतोड्यांसारखे काळे डाग दिसले, तर तो लेस बग, पानातला रस शोषणारा बारीक किडा. उन्हातल्या झाडांवर जास्त. मे महिन्यात पिल्लं निघताच कीटकनाशक साबण पानाच्या खालच्या बाजूने फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. वरून भिजवून काही होत नाही.

कडाक्याच्या थंडीत ऱ्होडोडेंड्रॉनची पानं विडीसारखी गुंडाळून लोंबतात, तो आजार नव्हे. पण उन्हाळ्यात, माती ओली असताना झाड मलूल असेल तर बुंध्याची साल नखाने खरवडा. आत हिरवं-पांढरं असायला हवं. दालचिनीसारखा तांबूस तपकिरी रंग दिसला तर फायटोफ्थोराची (ओल्या मातीत वाढणाऱ्या बुरशीसारख्या जिवाची) मूळकूज आहे. अशा झाडाला पाणी वाढवणं म्हणजे रोगाला खतपाणी. बुंध्यापर्यंत पोचलेली कूज औषधाने बरी होत नाही. झाड मुळासकट काढा आणि कंपोस्टात टाकू नका. त्याच खड्ड्यात नवीन अझेलिया लावू नका. लावायचीच असेल तर दुसरीकडे, फूटभर उंच वाफ्यात, मुळांचा गड्डा मातीच्या पातळीपेक्षा इंचभर वर ठेवून.