पिकअपला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल: पाटे की कॉइल?

पुढचं, दोन्ही चाकं वेगवेगळी हलू देणारं इंडिपेंडंट सस्पेन्शन काढून तिथे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड सॉलिड अ‍ॅक्सल घालायचा, इथपर्यंत ज्यांचं ठरलं आहे त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे. टॉर्शन बारवाली झेनॉन असो की कॉइलवाली डी-मॅक्स, चिरेखाणीच्या वाटेवर सीव्ही जॉइंटचे (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचे) रबरी बूट किती टिकतात हे त्यांना सांगायला नको. खरी अडचण त्यापुढची आहे. अ‍ॅक्सल बसवायचा कशावर, कमानपाट्यांवर की कॉइल स्प्रिंग आणि लिंकवर (म्हणजे अ‍ॅक्सल चासीशी जोडणाऱ्या दांड्यांवर)? दोन्ही प्रकार कंपनीतूनच बनून आलेले आपण पाहिले आहेत. जिप्सी पाट्यांवर चालली, जिम्नी कॉइलवर चालते, आणि चिखलात दोघींचं काही अडत नाही. त्यामुळे एक बरोबर आणि एक चूक असं इथे नाही. तरी कोकणापुरतं माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, ते पुढे येईलच.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीलाही दावा नाकारायला आयतं निमित्त मिळतं. म्हणजे ही गाडी बागेतली, खाजगी सड्यावरची (कातळाच्या पठारावरची), किंवा स्पर्धेला ट्रेलरवर चढवून न्यायची. रोज महामार्गावर धावायचं असेल तर सरळ जिम्नी घ्यावी.

दोन्ही पर्यायांत सारखं असलेलं काम थोडक्यात उरकतो. अ‍ॅक्सल निवडताना डिफरन्शिअल कोणत्या बाजूला आहे ते ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) पुढच्या आउटपुटशी जुळलं पाहिजे. गिअर रेशो मागच्या डिफरन्शिअलशी जुळला पाहिजे: ४.१० ला ४.११ चालतो, ४.३० चालत नाही. तसा फरक ठेवला तर कातळावर फोर-व्हील लावली की शाफ्ट आवळून बसतो. चासीवरचे विशबोनचे ब्रॅकेट कापताना मूळ क्रॉसमेंबरही जातो. त्याच्या जागी नवा पाइप क्रॉसमेंबर टाकण्याआधी गाडी जॅकवरून उतरवू नये, नाहीतर दोन्ही रेल आत-बाहेर सरकतात आणि मग कुठलंच माप जुळत नाही. रॅक-पिनियन निघून स्टिअरिंग बॉक्स येतो. त्याचे बोल्ट चासीच्या पोकळ रेलमधून नुसते आवळले तर पत्रा चेपतो, म्हणून प्रत्येक बोल्टला आरपार पाइपची नळी आणि बाहेरून ५ ते ६ मिमीची प्लेट हवी. ब्रेकचे होज चाक पूर्ण खाली लटकवून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून मापायचे. अ‍ॅक्सलचा ब्रीदर बॉनेटखाली उंच न्यायचा. व्हाळात (ओढ्यात) गरम डिफरन्शिअल बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं, दुसऱ्या दिवशी ऑइल चहासारखं दिसतं.

आता पाटे. १,०५० ते १,१५० मिमी लांबीचा, जवळजवळ सपाट, पातळ पानांचा जास्त पानी पाटा घ्यावा. आखूड आणि जाड पानांचा, खूप कमान दिलेला पाटा उंची देतो, पण दगडावर गाडी उडवतो. उंची पाटा अ‍ॅक्सलच्या वर बसवून मिळवावी. पाटा बसण्याच्या सीट अ‍ॅक्सलच्या पाइपवर आधी नुसत्या टाक्यांनी धरायच्या, मग इंजिन, बंपर, विंच सगळं वजन चारही चाकांवर घेऊन कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) मोजायचा आणि नंतरच पूर्ण वेल्ड करायचं. कॅस्टर ५ ते ७ अंश हवा. इथे एक पेच आहे: कॅस्टर वाढवायला अ‍ॅक्सल मागे फिरवला की पिनियनचं (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो त्या गिअरचं) तोंड खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. दोन्ही एकदम साधत नसेल तर नकल (टोकाचे, चाक धरून वळवणारे भाग) कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. दोन-तीन अंशांचाच फरक असेल तर लोखंडी पाचर चालते. अ‍ॅल्युमिनियमची घेऊ नये, ती फुटते.

शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी झुलती कडी) पुढे की मागे यावरही बराच वाद होतो. शॅकल मागे असेल तर धक्क्याला अ‍ॅक्सल मागे सरकतो, गाडी मऊ चालते, पण प्रोपेलर शाफ्टच्या स्लिपला जास्त जागा लागते. शॅकल पुढे असेल तर उभ्या दगडाला चाक लावल्यावर अ‍ॅक्सल पुढे ढकलला जातो आणि चढायला बरं पडतं. पाखाडीसारख्या पायऱ्या चढायच्या असतील तर पुढे, नाहीतर मागे, असं मी म्हणेन. पाटा अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नेहमी नवे घ्यावेत आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. ते सैल राहिले की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो आणि अ‍ॅक्सल एका बाजूने मागे सरकतो.

कॉइलच्या बाजूने बोलायचं तर पहिल्याच चढाला फरक कळतो. खालच्या दोन लिंक, वरची एक लिंक आणि आडवा पॅनहार्ड रॉड, ही तीन-लिंक रचना नीट जमली तर चाक पाट्यापेक्षा कितीतरी खाली उतरतं आणि खड्ड्यांतून गाडी अंग सोडून चालते. खालच्या लिंकला ४५ ते ५० मिमी बाहेरच्या व्यासाचा, ६ मिमी जाडीचा सीमलेस पाइप हवा. वरची लिंक खालच्या लिंकच्या साधारण सत्तर टक्के लांब, आणि अ‍ॅक्सलवर दोघींच्या टोकांत उभं अंतर २०० मिमीच्या वर. वरच्या लिंकचा ब्रॅकेट डिफरन्शिअलच्या बिडावर थेट वेल्ड केला तर थंड होताना तडा जातो. अ‍ॅक्सलच्या पाइपवर आडवा ट्रस (मजबुतीचा सांगाडा) बांधून त्यावर ब्रॅकेट घ्यावा. एक मोठा फायदा मान्य करायला हवा: कॅस्टर नंतर बदलायचा झाला तर लिंकच्या चुडीचे दोन-तीन आटे फिरवले की काम होतं. पाट्यात त्यासाठी ग्राइंडर हातात घ्यावा लागतो.

जिम्नीसारखे रेडियस आर्म घेतले तर वरची लिंक वाचते आणि बांधणी सोपी होते. मात्र चाकं उलटसुलट हलताना आर्म एकमेकांना अडवतात आणि कॉइलसाठी केलेल्या खटाटोपाचा निम्मा फायदा तिथेच जातो.

माझं मत फिरवलं ते या पॅनहार्ड रॉडने. पाट्यांमध्ये अ‍ॅक्सलला आडवं धरण्याचं काम पाटेच करतात. कॉइलला आडवं काहीच धरता येत नाही, तो फक्त वजन पेलतो. मग चासी आणि अ‍ॅक्सल यांच्यात आडवा दुवा एकच, पॅनहार्ड रॉड. स्टिअरिंग बॉक्स चासीवर आणि नकल अ‍ॅक्सलवर, म्हणून पॅनहार्डच्या टोकात अर्धा मिलिमीटर प्ले (ढिलाई) आला तरी अ‍ॅक्सल आडवा सरकतो आणि चाकांना वाटतं की कोणी स्टिअरिंग फिरवलं. आधी पायाखाली टक-टक ऐकू येते. मग सड्यावरच्या सपाट पट्ट्यात वेग जरा वाढला की पुढची चाकं थरथरायला लागतात, आणि एकदा वॉबलिंग सुरू झालं की गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते जात नाही. स्टिअरिंग डॅम्पर लावून ते फक्त झाकलं जातं.

कोरड्या मुलखात हा प्ले यायला वेळ लागत असेल. कोकणात जून ते सप्टेंबर जांभ्याचा लाल चिखल आणि किनाऱ्याकडची खारी हवा एकत्र येतात. लिंक आणि पॅनहार्डच्या टोकांना असलेल्या गोळीवाल्या रॉड एंडमध्ये तो बारीक चिखल शिरतो, सुकतो, कानशीसारखा घासतो. गोळीवर गंजाचे खड्डे पडले की अस्तर संपलंच. रबरी बूट चढवले तर चिखल आत येण्याऐवजी आत आलेला बाहेर जात नाही. चांगल्या दर्जाचे रॉड एंड टिकतात थोडे जास्त, पण माझ्या अनुभवात एक पावसाळा नीट काढला तर नशीब म्हणायचं. त्यातून तो भाग चिपळूण, राजापूर, कुडाळला काउंटरवर मिळत नाही. मागवा, वाट बघा, तोवर गाडी शेडमध्ये. मुख्य पाटा तुटला तर ट्रकचे पाटे भरणारा माणूस महामार्गालगतच्या बहुतेक गावांत सापडतो. जुनं पान दाखवलं की तो जुळतं पान काढतो, कमान देतो, संध्याकाळपर्यंत गाडी उभी करतो.

पॅनहार्डचं दुसरं दुखणं भूमितीचं. ८०० मिमीचा रॉड उभ्या गाडीत आडवा, सरळ असेल तर चाक १०० मिमी हललं की अ‍ॅक्सल जेमतेम ६ मिमी बाजूला जातो. पण उंची वाढवलेल्या पिकअपमध्ये इंजिनचा संप (तळाची ऑइलची टाकी) मध्ये येतो, रॉड तिरका बसवावा लागतो. दोन टोकांत १५० मिमीचा उतार असेल तर पुढच्या १०० मिमी लटकण्यात अ‍ॅक्सल २६ मिमी सरकतो. ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) पॅनहार्डला समांतर आणि जवळपास तेवढीच लांब असेल तर हे निभावतं, नसेल तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देतं. संप, पॅनहार्ड, टाय रॉड आणि डिफरन्शिअल एवढ्या सगळ्यांना वर यायला जागा ठेवायची म्हणजे गाडी हवी त्यापेक्षा उंच होते.

पाटे निर्दोष आहेत असं मात्र कोणी समजू नये. पानांमध्ये गंज फुगतो, पानं एकमेकांवर सरकेनाशी होतात आणि पाटा लाकडासारखा ताठ होतो. पावसाळा संपला की पाटा उघडायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, ग्राफाइट ग्रीस लावायचं, पानांच्या टोकांखाली नायलॉनच्या पट्ट्या सरकवायच्या. दिवस मोडतो. शॅकलच्या पिना ग्रीस निपलवाल्याच घ्याव्यात, साध्या पिना बुशच्या नळीत गंजून अशा बसतात की गॅस कटर आणावा लागतो. आणि पावसाळ्याआधी चासीखाली जुनं इंजिन ऑइल फासायची आपल्याकडे जी सवय आहे, ती निदान बुशच्या आसपास तरी सोडावी. तेलाने रबर फुगून मऊ पडतं, शिवाय पहिल्या पावसात ते तेल कोणाच्या तरी विहिरीच्या दिशेने जातं.

पाट्यांचा दुसरा दोष म्हणजे स्टिअरिंगचा आळस. क्रॉस-ओव्हर ड्रॅग लिंकने चाक ढकललं की आधी शॅकल थोडे आडवे झुकतात, मग चाक वळतं. दोन्ही बाजूंच्या शॅकल प्लेटांना मधून आडवी पट्टी वेल्ड केली आणि रुंद बुश घातले की बरंच कमी होतं, पूर्ण जात नाही. पण हा आळस सुरुवातीपासून असतो आणि तेवढाच राहतो. पॅनहार्डची टक-टक रोज वाढते. मला पहिली गोष्ट चालते.

चाक किती खाली लटकतं यावर फार भाळू नये असंही वाटतं. पिकअपला मागे पाटेच आहेत, तेही भारासाठी बनवलेले. पुढचं टोक कॉइलवर मोकळं सोडलं आणि मागचं ताठ राहिलं तर गाडी मागच्या टोकाच्या हुकमाने कलते, पुढची चाकं नुसती खाली-वर होतात. एप्रिल-मेमध्ये हौद्यात आंब्याच्या पेट्या चढवून उताराच्या बागेतून बाहेर काढताना हे जास्त जाणवतं. पाट्यांना कलण्याविरुद्धचा ताठपणा मुळातच असतो. कॉइलला तो अँटी-रोल बारमधून द्यावा लागतो, आणि बार लावला की लटकणं पुन्हा कमी.

तरीही कॉइल कोणी घ्यावी? ज्याची गाडी हौद्यात काही वाहत नाही, मागेही लिंक आणि कॉइल करायची तयारी आहे, आणि वेल्डिंगचं सामान स्वतःच्या शेडमध्ये आहे, त्याने खुशाल घ्यावी. त्याला पाट्यावर समाधान होणार नाही. फक्त लिंकच्या चासीकडच्या टोकांना आणि पॅनहार्डच्या निदान एका टोकाला गोळीऐवजी रबरी बुश वापरावेत. सफारी किंवा स्कॉर्पिओच्या मागच्या लिंकचे बुश साध्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात, लेथवर त्यांच्या मापाची नळी करून घेता येते, आणि लाल चिखलात ते गोळीपेक्षा बरे टिकतात. चाकाचं लटकणं थोडं कमी होईल. पॅनहार्डचा चासीकडचा ब्रॅकेट दोन प्लेटांमध्ये बोल्ट धरणारा असावा, एका प्लेटवर लोंबणारा नको. त्याच्या पोकळीला तळाशी १० मिमीचं भोक पाडावं, म्हणजे धुतल्यावर आतलं चिखलपाणी निथळून जाईल. बोल्ट भोकात घट्ट बसणारा, चुडी नसलेल्या भागावर भार घेणारा हवा. भोक एकदा लांबट झालं की बुश कितीही नवा घाला, टक-टक परत येते, आणि मग ब्रॅकेट कापून नवाच करावा लागतो.