डॉर्झोलामाइड-टिमोलॉल थेंब: काचबिंदूला चांगले, कोरड्या डोळ्याला जड

डॉर्झोलामाइड 2 टक्के आणि टिमोलॉल 0.5 टक्के एकत्र असलेली ही बाटली कुत्र्याच्या डोळ्यातला दाब नक्की उतरवते. डोळ्याच्या आत तयार होणारा द्रवच कमी होतो. डोळा ओलसर असेल तर पूर्ण गुण द्यावेत असं औषध.

कोरड्या डोळ्यात मात्र तेच झोंबतं. औषध किंचित आम्लधर्मी आहे, पीएच साधारण 5.6. शिवाय बहुतेक बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्वेटिव्ह असतं. ते धुऊन न्यायला अश्रूच नसतात. कुत्रा डोळा घट्ट मिटतो, पंजाने तोंड घासतो, पुढच्या वेळी बाटली दिसताच पलंगाखाली जातो. मग डोस चुकतात आणि दाब पुन्हा चढतो. खरं नुकसान इथे होतं.

शिर्मर पट्टी (अश्रू किती येतात हे मोजायला पापणीत अडकवतात ती कागदी पट्टी) मिनिटाला 10 मिलिमीटरही भिजत नसेल, तर दाब उतरवणारं दुसरं औषध, ब्रिन्झोलामाइड 1 टक्के, चालेल का, हे पशुवैद्यांना जरूर विचारा. त्याचा पीएच 7.5च्या आसपास, म्हणून झोंबणं बरंच कमी. बाटली दर वेळी नीट हलवावी लागते, औषध तळाशी बसतं. त्यात टिमोलॉल नाही, त्यामुळे बदलल्यावर दाब पुन्हा मोजायलाच हवा.

क्रम चुकला की कुठलंही औषध वाया जातं. आधी कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने चिपडं काढा, नाहीतर थेंब त्यावरूनच घसरतो. मग दाबाचा थेंब, एकच. दुसरा गालावर ओघळतो किंवा नाकावाटे पोटात जातो, आणि लहान चणीच्या कुत्र्यात टिमोलॉलमुळे हृदयाचे ठोके मंदावू शकतात. दहा मिनिटांनी प्रिझर्वेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू. आणखी दहा मिनिटांनी, सगळ्यात शेवटी, अश्रू वाढवणारं सायक्लोस्पोरिन 0.2 टक्के मलम, दर बारा तासांनी. मलम आधी लावलं तर त्याच्या तेलकट थरातून थेंब आत उतरत नाही. अश्रू वाढायला काही आठवडे लागतात. डोळा स्वच्छ दिसला म्हणून मलम बंद केलं की कोरडेपणा परततो.

तपासणीत शिर्मर पट्टी आधी, दाब नंतर. डोळा बधिर करणारा थेंब आधी पडला तर पट्टीचा आकडा खोटा येतो. मान आवळली की दाब वाढतो, म्हणून गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घाला.

बाहुली मोठी करणारं अॅट्रोपिन या डोळ्यात नकोच: अश्रू घटतात, दाबही चढू शकतो. डोळा अचानक लाल, धुरकट झाला आणि बाहुली मोठी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.