आई-बाबांचं अमेरिकेचं तिकीट: विमान दुबईत बदलायचं, दोह्यात, अबू धाबीत की फ्रँकफर्टला?

तिकीट मुलगा काढतो आणि प्रवास आई-बाबा करतात. गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. मुलगा भाडं बघतो, फार तर एकूण तास. पण सत्तरीच्या माणसाचा प्रवास सुखाचा होतो की नाही, ते मधल्या विमानतळावरच्या दोन-तीन तासांत ठरतं. किती चालावं लागतं, कुणाशी कुठल्या भाषेत बोलावं लागतं आणि अमेरिकेचं इमिग्रेशन नेमकं कुठं होतं, हे आधी बघा. दहा-पंधरा हजारांचा फरक त्यानंतर.

सुरुवातीलाच एक पक्कं करा. मुक्कामाच्या शहरापर्यंत एकाच बदलात पोचवणारा मार्ग मिळत असेल, तर तोच घ्यावा. डॅलस, ह्यूस्टन, सिएटल, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को यांपैकी कुठं जायचं असेल, तर दुबई आणि दोह्याहून थेट विमानं आहेत. तिथं अबू धाबीचा विचार सहसा मागं पडतो. नागपूर किंवा गोव्याची मंडळी असतील, तर दोहा आणखी सोपं. कतार एअरवेजचं विमान नागपूरहून दोह्याला जातं, आणि गोव्यातलं त्यांचं उड्डाण २०२४ पासून दाबोळी सोडून मोपाहून होतं. मुंबईचा हेलपाटा वाचतो. ही उड्डाणं रोज असतातच असं नाही, तेव्हा आधी वार बघा आणि मग तारीख ठरवा.

तासांची वाटणी

मुंबई ते दुबई किंवा अबू धाबी सव्वातीन तासांच्या आसपास, दोहा साडेतीन ते चार. तिथून न्यूयॉर्कला सुमारे चौदा तास आणि कॅलिफोर्नियाला सोळा. म्हणजे एक घास आणि एक अख्खं ताट. फ्रँकफर्टला वाटणी समसमान होते. मुंबईहून साडेआठ-नऊ तास, पुढं न्यूयॉर्कला जवळजवळ तेवढेच, सॅन फ्रान्सिस्कोला अकरा-साडेअकरा. गुडघे धरतात, पाय सुजतात किंवा प्रोस्टेटमुळे सारखं उठावं लागतं, अशांना ही वाटणी मानवते. पाठ चांगली आहे पण नवख्या जागेची धास्ती आहे, अशांना आखात बरं. रक्ताची गुठळी होण्याचा त्रास पूर्वी झाला असेल, तर सोळा तासांचं उड्डाण घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुबई आणि दोहा

दुबईत एमिरेट्सचा सगळा कारभार टर्मिनल ३ मध्ये, त्यात ए, बी आणि सी अशा तीन लांबलचक शाखा. ए आणि बीमध्ये ट्रेन धावते, बी आणि सीमध्ये चालत जाता येतं. गेट क्रमांकाचं पहिलं अक्षर म्हणजे शाखा. ए मध्ये उतरून सी मधलं विमान पकडायचं असेल, तर चालणं बरंच होतं. तिकिटावर विमानाचा क्रमांक ‘एफझेड’ने सुरू होत असेल, तर ते फ्लायदुबईचं आहे आणि त्यांची बरीच विमानं धावपट्टीच्या पलीकडल्या टर्मिनल २ वरून सुटतात. मधे बस लागते. आई-बाबांसाठी असं तिकीट टाळाच.

दोह्याचं हमद विमानतळ २०१४ मध्ये सुरू झालं. तिथं टर्मिनल एकच, त्यामुळे ‘चुकीच्या टर्मिनलला गेलो’ ही भानगडच नाही. ए-बी एका टोकाला, सी मध्ये, डी-ई दुसऱ्या टोकाला, आणि इमारतीच्या आतूनच धावणारी छोटी ट्रेन दोन्ही टोकं जोडते. मधोमध डोक्यावर दिवा घेतलेलं भलंमोठं पिवळं अस्वल बसलंय. कलाकृती म्हणून ते कसं आहे ते सोडा, पण ‘चुकामूक झाली तर अस्वलापाशी थांबा’ ही सूचना कुणालाही कळते. पडून राहायला शांत खोल्याही आहेत. केवळ चुकायची भीती हाच निकष असेल, तर दोहा दुबईपेक्षा सरस.

दुबईची बाजू वेगळ्या कारणाने भक्कम आहे. तिथं हिंदी चालते. सुरक्षा तपासणीपासून चहाच्या काउंटरपर्यंत हिंदी समजणारं कुणी ना कुणी भेटतंच. दोह्यातही भेटतं. फ्रँकफर्टला ती आशा धरू नये.

दोन्हीकडं पुढच्या विमानाआधी पुन्हा सुरक्षा तपासणी होते. मुंबईत भरून घेतलेली पाण्याची बाटली तिथं जाते. अमेरिकेच्या विमानांसाठी गेटजवळ कागदपत्रांची आणि सामानाची जादा तपासणी होऊ शकते, आणि विमान सुटण्याच्या बरंच आधी गेट बंद होतं. म्हणून दीड तासाचं कनेक्शन स्वस्त दिसलं तरी घेऊ नका. अडीच ते चार तास योग्य. सहाच्या वर गेलं की माणूस खुर्चीत अवघडून जातो.

अबू धाबीचा खास फायदा

अबू धाबीत अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा संरक्षण खात्याचं स्वतःचं केंद्र २०१४ पासून आहे. आखातात अशी सोय दुसरीकडं कुठंच नाही. इमिग्रेशन तिथंच उरकतं आणि अमेरिकेत प्रवासी देशांतर्गत विमानातून उतरल्यासारखा बाहेर पडतो.

एरवी अमेरिकेत पहिल्यांदा जिथं उतराल तिथं इमिग्रेशनची रांग लावायची, पट्ट्यावरून बॅगा उतरवायच्या, कस्टम्समधून न्यायच्या, पुढचं विमान असेल तर पुन्हा जमा करायच्या आणि पुन्हा सुरक्षा तपासणीला उभं राहायचं. बॅगा थेट शेवटच्या गावाचा टॅग लावून आल्या असल्या, तरी हे चुकत नाही. ‘टॅग तर पुढचा आहे’ म्हणून बॅगा पट्ट्यावरच सोडून जाणारे पुष्कळ असतात. तेवीस किलोच्या चार बॅगा उतरवणं वयस्कर जोडप्याला झेपत नाही. आई-बाबांना पुढं देशांतर्गत विमान पकडायचंच असेल, तर अबू धाबीत ही सगळी कसरत वाचते, अट एवढीच की सगळं एकाच तिकिटावर हवं. तिथं अधिकाऱ्याला तुमच्या बॅगांची माहिती स्क्रीनवर दिसते. त्या आपल्याच आहेत ना एवढं सांगायचं.

याची किंमतही आहे. थेट विमानं न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, शिकागो, बोस्टन अशा मोजक्याच शहरांना. वेळ जास्त लागतो, तेव्हा किमान तीन तास हाताशी ठेवा. खाणंपिणं या तपासणीला जाण्याआधी उरकून घ्यावं, कारण पलीकडं पर्याय कमी. किती दिवस राहणार, कुणाकडं, परत कधी, हे प्रश्न इथंच विचारतात. मुलाचा पत्ता, फोन आणि परतीच्या तिकिटाची प्रत हातातल्या पिशवीत हवी, चेक-इनच्या बॅगेत नव्हे. प्रवेश नाकारलाच, तर निदान घर तीन तासांवर असतं!

फ्रँकफर्ट: व्हिसाचा नियम सोपा, चालणं फार

पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, तर विमानतळाच्या आतच विमान बदलायला जर्मनीचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. मात्र बाहेर पडता येत नाही. म्हणून आई-बाबांना एवढंच सांगा: सामानाच्या चित्राच्या बाणामागं जायचं नाही, गेटच्या अक्षराच्या बाणामागं जायचं. लुफ्तान्साचा व्यवहार टर्मिनल १ मधून चालतो. अमेरिकेची विमानं बहुधा झेड किंवा बी गेट्सवरून. या भागांना जोडणारा बोगदा लांब आहे, लिफ्ट चढउतार करावी लागते, आणि विमान लांब उभं केलं तर बस. इथं अधिकृत किमान कनेक्शन ४५ मिनिटांचं आहे, म्हणून संकेतस्थळ तसं तिकीट खुशाल विकतं. धडधाकट तरुणालाही ते धावतपळत जमतं. आई-बाबांसाठी तीन तास धरा.

उशीर झाला तर विमान कंपनीकडून भरपाई देववणारा युरोपीय कायदा आहे, पण फ्रँकफर्ट निवडताना त्याच्या भरवशावर राहू नका. एकाच तिकिटावरचा प्रवास मुंबईत सुरू होऊन अमेरिकेत संपत असेल आणि युरोपात फक्त विमान बदलायचं असेल, तर युरोपीय न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानुसार युरोपीय कंपनीलाही हा कायदा लागू होत नाही. आखाती कंपनीचं विमान मुंबईहून आखातामार्गे अमेरिकेला जात असेल, तर तिथंही तो लागू नाही. शिवाय जर्मनीत संप होतात. १० मार्च २०२५ ला फ्रँकफर्टची बहुतेक उड्डाणं रद्द झाली होती. अर्थात आखातही बिनधोक नाही. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात दुबईची धावपट्टी पाण्याखाली गेली, आणि २३ जून २०२५ ला कतारने काही तास आपलं आकाशच बंद केलं. म्हणून कुठलाही मार्ग घ्या, दोन दिवसांची औषधं हातातल्या पिशवीत असू द्या.

व्हीलचेअर मागताना

व्हीलचेअरला पैसे लागत नाहीत, पण तिकिटावर नोंद हवी, आणि ती उड्डाणाच्या ४८ तास आधी करावी. नोंदीचे प्रकार तीन आहेत, आणि चूक इथंच होते. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे लांब चालवत नाही पण जिना चढता येतो. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे जिनाही चढवत नाही. ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे आसनापर्यंतही न्यावं लागतं. एजंट सरसकट पहिला प्रकार टाकतो. मग विमान इमारतीपासून लांब उभं राहिलं की कर्मचारी म्हणतो, जिना उतरा, खुर्ची खाली आहे. गुडघे खरंच गेले असतील, तर दुसराच प्रकार नोंदवा म्हणजे उचलणारी गाडी दाराशी येते. खुर्चीवाल्यांना सगळ्यांत शेवटी उतरवतात आणि खुर्ची यायला वेळ लागू शकतो, हेही कनेक्शनच्या हिशेबात धरा.

बॅग भरण्याआधी

खसखस. संयुक्त अरब अमिरातीत ती अंमली पदार्थांच्या यादीत मोडते. दुबई किंवा अबू धाबीमार्गे जायचं असेल, तर डिंकाच्या लाडवांत आणि अनारशांवर ती नको. सुटी पुडी तर मुळीच नको. ट्रॅमाडॉल, कोडीन, अल्प्राझोलाम असलेली औषधं असतील, तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ हवी आणि अमिरातीची मंजुरी लागते का ते आधी तपासायला हवं. सुकं खोबरं तर मुंबईतूनच चेक-इनमध्ये जात नाही. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला चेक-इनमध्येच टाका. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातात असली, तर वेगळी तपासणी होते. ओला कढीपत्ता नेऊ नका, अमेरिकेत तो काढून घेतात. हातातल्या पिशवीची मर्यादा एमिरेट्स, कतार आणि अबू धाबीच्या एतिहादमध्ये ७ किलो, लुफ्तान्सात ८. पॉवर बँक नेहमी हातात. एमिरेट्सवर ऑक्टोबर २०२५ पासून एकच चालते, आणि विमानात वापरायची नाही.

फोनचं एक. अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाही. दुबईत उतरलेली आई व्हिडिओ कॉल लावत बसते आणि इकडं मुलगा काळजीत. व्हॉइस मेसेज टाकायला घरीच शिकवून ठेवा. मनगटावरच्या घड्याळाचीही कथा तीच. दुबई आणि अबू धाबी भारताच्या दीड तास मागं, दोहा अडीच, फ्रँकफर्ट उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. बोर्डिंग पासवर स्थानिक वेळ असते. पुढच्या विमानाचा क्रमांक आणि स्थानिक वेळ मराठीत, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेवा. गेट क्रमांक मात्र लिहू नका. तो बदलतो, तो तिथल्या फलकावरूनच बघायचा.