सपरीच्या खांबांना नवे पाय: आमच्या वाढईच्या कामाबद्दल

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात आमचं घर आहे. त्याच्या सपरीला, म्हणजे पडवीला, सहा सागवानी खांब आहेत. सासऱ्यांनी १९७४ साली घर बांधलं तेव्हा बैलगाडीने आणलेले. गेल्या पावसाळ्यानंतर त्यातले चार बुडाशी सडलेले निघाले. उपटा आणि लोखंडी पाइप लावा, असं तिघांनी सांगितलं. चौथ्याने खांब वाचवले. त्या वाढईच्या, म्हणजे सुताराच्या, कामाबद्दल लिहिते आहे, कारण आमच्याकडे असे कितीतरी खांब नुसत्या घाईने चुलीत जातात.

चूक आधीची होती. खांब पहिल्यापासून तळखड्यांवर, म्हणजे बुडाखालच्या दगडांवर, उभे होते, जमिनीपासून चार बोटं उंच. २०१९ मध्ये टाइल्स बसवताना कंत्राटदाराने तळखडे बुजवले आणि प्रत्येक खांबाभोवती वीतभर सिमेंटचा गळा भरला. वरून ऑइलपेंट. दिसायला छान दिसलं, मीही खूश होते. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. लाकूड आकसलं आणि सिमेंटपासून सुटलं. आषाढात पागोळ्यांचं पाणी त्या फटीत उतरलं की तिथेच बसायचं. खाली सिमेंट, वर पेंट, वाळणार कुठून?

वाढई आला तेव्हा मी त्याला भेगा दाखवायला लागले. उभ्या, बोट जाईल अशा भेगा होत्या आणि मला तोच रोग वाटत होता. तो म्हणाला, "काकू, भेगेचं मंग पाहू. पयले पाय पाहू द्या." हातोडीने वरपासून खाली ठोकत आला. वर टणटण, गळ्याजवळ बदबद. मग स्क्रूड्रायव्हर टोचला. सिमेंटच्या काठाशी तो दोन इंच आत गेला, लोण्यात जावा तसा. गळा फोडल्यावर दिसलं की सगळ्यात वाईट जागा तीच, काठाची. तिथे ओलही असते आणि हवाही मिळते. बुरशीला दोन्ही लागतात. सागवान सडत नाही असं आपण सहज म्हणतो. ते गाभ्याच्या लाल-तपकिरी लाकडाबद्दल खरं आहे, आणि तेही पाण्यात बसवून ठेवलं नाही तर. भोवतालचं पांढरं लाकूड उधई (वाळवी) आणि बुरशी दोघींना चालतं. आमच्या तीन खांबांत सड पांढऱ्यापुरतीच होती, चौथ्यात गाभ्यापर्यंत गेली होती.

छपराला बल्ल्या आणि जॅक देऊन त्याने एकेक खांब मोकळा केला. सड संपली तिथून आणखी वीतभर वर, चांगल्या लाकडात कापला. नवा पाय जुन्या कोठ्यातून (गोठ्यातून) निघालेल्या मयालीचा, म्हणजे बिजा लाकडाच्या तुळईचा, पांढरं पूर्ण तासून. दोन्ही तुकडे अर्धे-अर्धे कापून हातभर एकमेकांवर बसवले, आरपार दोन बोल्ट. सांध्याच्या खालच्या काठाला त्याने बाहेरच्या बाजूला उतार दिला. असल्या कापात पाणी थांबायला कागदाइतकी जागा पुरते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, कोठे दुरुस्त करता करता कळलं होतं. पाय बसवण्याआधी बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवले. हे औषध पावसात धुऊन जातं, त्यामुळे छपराखालीच उपयोगाचं. मातीत रोवायच्या खांबाला नाही. तळखडे पुन्हा मोकळे केले, आणि खांब त्यांच्यावर परत उभे राहिले तेव्हा मला सासरे आठवले.

आता भेगा. लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आकसतं. ताण सुटायला बाहेरून गाभ्यापर्यंत भेग पडते. मी त्यात भुसा आणि फेव्हिकॉल भरला होता, उन्हाळ्यात, भेग सगळ्यात रुंद असताना. पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि तो भराव पट्ट्यांनी बाहेर पडला. मागे राहिलेल्या तुकड्यांआड ओल साचली. वाढईने ते सगळं खरवडून काढलं. छपराखालच्या उभ्या भेगा तशाच मोकळ्या ठेवल्या, त्यातून पाणी खाली निघून जातं आणि खांबाच्या ताकदीला काही होत नाही. फाटकाच्या खांबाचं मात्र डोकं उघडं आहे. तिथली भेग वरून पाणी पिते. तिथे त्याने माथा उतरता तासून जस्ताच्या पत्र्याची टोपी ठोकली.

पेंट खरवडून वर जवसाचं तेल. इथे मी हट्ट केला: घाण्याचं, घरचंच वापरू. दोन खांबांना ते लावलं. दसऱ्यापर्यंत हाताला चिकटत होतं आणि रस्त्याची सगळी धूळ त्यावर बसली. बाकीच्या दोघांना रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल, पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ. दोन दिवसांत वाळलं. घाण्याचं तेल चटणीपुरतंच ठेवा. आणि तेल पुसलेले फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून पसरून वाळवा. उत्तरेकडच्या खांबावर या पावसाळ्यात काळे डाग आले. तेल बुरशी मारत नाही, दरवर्षी घासून पुन्हा लावावं लागेल, आणि उधईसाठी वेगळं बघावं लागेल.

तक्रारी दोन. येतो म्हटल्या दिवसापेक्षा बारा दिवस उशिरा आला, आणि धानाची रोवणी चालू असताना छपराला बल्ल्या लावून बसणं सोपं नव्हतं. दुसरं, बोल्ट साधे लोखंडी लावले. आत्ताच गंजाचे ओघळ दिसतात. तुम्ही गॅल्वनाइज्ड मागून घ्या, फरक फार नाही.

चार खांब, पाच दिवस, सामानासकट ११,४०० रुपये. पाइपवाल्याने १६,००० सांगितले होते. फाटकाच्या खांबाचा मातीतला भाग अजून बघायचा आहे. धान घरी आलं की त्याला परत बोलावणार आहे, बोल्टही तेव्हाच बदलू.