बोटीची टाकी किती मिलीची? संपेपर्यंत पळवून की परत भरून मोजायची

मॉडेल रेसिंग बोटीच्या टाकीचं माप काढायच्या दोन रीती आहेत. पहिली: मोजून इंधन भरायचं, बोट बंद पडेपर्यंत पळवायची, वेळ बघायची. सोपी आहे, पण नायट्रो इंजिनावर (मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणारं छोटं इंजिन) ती करू नका. त्या इंधनातच वंगणाचं तेल मिसळलेलं असतं. टाकी संपत आली की नळी हवा ओढते, इंधन आणि तेल दोन्ही कमी पडतं आणि पूर्ण वेगातलं इंजिन भयंकर तापतं. पिस्टन-लायनरचं नुकसान टाकीपेक्षा महाग पडतं. शिवाय नाथसागरासारख्या (पैठणचा जायकवाडी जलाशय) अफाट पाण्यात, वारं सुटलेलं असताना बोट मधोमध बंद पडली तर आणायला जाणार कोण?

दुसरी रीत मला कधीही पसंत. टाकी काठोकाठ भरा, शर्यतीच्याच वेगाने ४ मिनिटं पळवा, काठाला आणा आणि सिरिंजने परत काठोकाठ भरा. जेवढं मावलं तेवढा खर्च. समजा १०० मिली लागलं, म्हणजे मिनिटाला २५. शर्यत ६ मिनिटांची असेल तर १५० मिली. वर २० टक्के राखीव धरून १८० ची टाकी. राखीव हवंच, कारण वळणावर इंधन एका बाजूला सरकतं आणि तळातलं थोडं नळीला मिळतच नाही. पण उगाच मोठी टाकीही नको: पेट्रोलवरच्या बोटीत १०० मिली पेट्रोल म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम वजन.

प्रॉपेलर बदलला किंवा कार्ब्युरेटरची सुई (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) फिरवली की पुन्हा मोजा.